वीस मिनिटांचा हिशेब

हे प्रकरण एका मोठ्या रुग्णालयाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेतलं आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील, काही आकडे आणि घटनांचा क्रम थोडा बदलला आहे. ज्या निर्णयापासून हे सगळं सुरू झालं तो माझा होता, एवढं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. प्रयोगशाळेचं रोजचं कामकाज मी बघते, त्यामुळे हे तटस्थ माणसाचं टिपण आहे असं समजून वाचू नये.

पार्श्वभूमी

प्रयोगशाळा चोवीस तास चालते. सकाळच्या पाळीत ८ तंत्रज्ञ, दुपारी ५, रात्री ३. रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या धरून एकूण २४ माणसं. पाळ्यांच्या वेळा पूर्वीपासून अशा आखलेल्या होत्या की जाणारे आणि येणारे २० मिनिटं एकाच वेळी प्रयोगशाळेत असायचे. या २० मिनिटांना कागदावर कसलंच नाव नव्हतं. कोणी 'चार्ज देणं' म्हणे, कोणी 'हँडओव्हर'.

त्यातली सात-आठ मिनिटं उघड कामाची असत. कोणते रिपोर्ट अडकलेत, कोणत्या वॉर्डाला फोन करायचाय, कोणतं रीएजंट (तपासणीला लागणारं रसायन) संपत आलंय. उरलेल्या वेळात काय चालायचं ते नीट सांगता येत नाही. "तिसऱ्या सेंट्रिफ्यूजचं झाकण दोनदा दाबावं लागतंय." "आयसीयूतले ते नवे डॉक्टर फोनवर चिडतात, पण सॅम्पल परत मागितलं की लगेच पाठवतात, घाबरू नकोस." "मुलाचा निकाल लागला का?" हे सगळं एकाच दमात, एकाच सुरात. माझ्या काचेच्या केबिनमधून बघितलं तर दहा-बारा माणसं मशीनना टेकून गप्पा मारताना दिसायची.

मग प्रयोगशाळेची नवी संगणक प्रणाली आली आणि तिच्याबरोबर पाळी सोपवण्याचा एक फॉर्म आला. १४ रकाने. बहुतेकांत फक्त टिक करायची: क्यूसी (मशीनची गुणवत्ता-तपासणी) पास, कॅलिब्रेशन झालं, प्रलंबित नमुने इतके, तापमानाची नोंद झाली. मी हिशेब मांडला. तिन्ही पाळ्यांत मिळून रोज कामावर असणाऱ्या १६ माणसांची प्रत्येकी २० मिनिटं म्हणजे रोजची ३२० मिनिटं, ५ तास २० मिनिटं. एका तंत्रज्ञाच्या पूर्ण पाळीचा दोन-तृतीयांश वेळ. नमुन्यांची संख्या वाढत होती, नवी भरती मंजूर होत नव्हती, आणि हा वेळ तर समोरच पडलेला दिसत होता. एका बैठकीत ती २० मिनिटं काढून टाकण्याचा माझा प्रस्ताव मंजूर झाला. पाळ्या ७, ३ आणि ११ या ठोक्यांवर आल्या.

प्रस्तावाआधी मी मतं विचारली होती, हे खरं. विचारली कोणाला, तर सकाळच्या पाळीतल्या तीन ज्येष्ठांना, दुपारी चारच्या बैठकीत. रात्रीच्या पाळीतलं कोणी नव्हतं, कारण त्या वेळी ती माणसं झोपलेली असतात. या कारणात खोटं काही नव्हतं. ते माझ्या सोयीचंही होतं.

काय बिघडत गेलं

पहिले दोन महिने सगळं छान चाललं. फॉर्म शंभर टक्के भरले जात होते आणि मी ते आकडे वर पाठवत होते.

तिसऱ्या महिन्यात एक बारीकशी गोष्ट बदलली, जी तेव्हा मला सुधारणाच वाटली. पाळ्यांची अदलाबदल पूर्वी माणसं आपापसात करत. "माझी शुक्रवारची नाइट तू घे, मी तुझा रविवार घेते." माझ्याकडे फक्त ठरलेलं कळवायला यायची. आता प्रत्येक अदलाबदल विनंती म्हणून माझ्या इनबॉक्समध्ये येऊ लागली, कारण मागायला समोर ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. मला वाटलं, आता सगळं रीतसर होतंय.

मग तक्रारी सुरू झाल्या, आणि त्यांत नावं नसायची. "नाइटवाले रीएजंट भरून ठेवत नाहीत." "सकाळवाले चढलेलं काम आमच्यासाठी ठेवतात." पूर्वी हीच तक्रार 'अमक्याने बाटली रिकामी ठेवली' अशी असायची, तोंडावर सांगितली जायची आणि तिथेच संपायची. अमक्याला आदल्या रात्री ९० नमुने एकदम आले होते, हे समोरच्याला तेव्हाच कळायचं. 'नाइटवाले' या शब्दाला तसं काही कळवता येत नाही.

चौथ्या महिन्यात रात्रीच्या पाळीतली एक नवी तंत्रज्ञ राजीनामा देऊन गेली. तिच्याशी शेवटचं बोलणं मीच केलं. ती म्हणाली, "मॅडम, चार महिने झाले. सकाळच्या पाळीतलं कोणीही रस्त्यात भेटलं तर मी ओळखणार नाही. युजर आयडी मात्र सगळ्यांचे पाठ आहेत." मी ते ऐकलं, मान हलवली आणि फॉर्मवर राजीनाम्याचं कारण 'वैयक्तिक' असं लिहिलं. त्या फॉर्मवर निवडायला पाचच पर्याय होते. आज वाटतं, हे वाक्य त्याच दिवशी माझ्या वरिष्ठांपर्यंत जायला हवं होतं.

त्याच सुमारास रात्रीच्या सगळ्यात अनुभवी तंत्रज्ञ बाईंनी दिवसपाळी मागितली. १९ वर्षं त्यांनी रात्रीच केल्या होत्या आणि त्या स्वतःच्या पसंतीने केल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "झोप लागत नाही." वय झालं असेल, असं म्हणून मी विषय मिटवला. खूप नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते इथेच लिहिते, कारण या प्रकरणात त्याहून नेमकं कोणीच बोललं नाही: "रात्रभर काम करून निघताना कोणी 'कशी गेली?' विचारलं की रात्र तिथे संपायची. आता ती माझ्याबरोबर घरी येते."

तो दिवस

पोटॅशियम मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचं आयुष्य ठरलेलं असतं, आणि ते संपत आलं की मशीन हळूहळू एका बाजूला झुकायला लागतं. आम्ही दर पाळीत क्यूसी लावतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना मशीनवर चालवून ते उत्तर बरोबर येतं का ते बघतो. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आलं की पास. एक बारकावा मात्र या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो: उत्तरं मर्यादेत असूनही सलग सरासरीच्या एकाच बाजूला पडायला लागली तर काहीतरी शिजतंय. वेस्टगार्ड नियम म्हणून जे नियम प्रयोगशाळांत वापरतात, त्यांत सलग दहा उत्तरं एका बाजूला पडली तर थांबा, असा एक नियमच आहे. आमच्या नव्या प्रणालीत तो चालूच केलेला नव्हता.

त्याच ज्येष्ठ बाईंना हे दिसलं होतं. पहिल्या रात्री उत्तर थोडं वर, दुसऱ्या रात्री वर, तिसऱ्या रात्री अजून किंचित वर. फॉर्ममध्ये रकाना होता 'क्यूसी: पास / नापास'. त्यांनी तिन्ही दिवस पासवर टिक केली, कारण ते पासच होतं. चौथ्या रात्रीपासून त्या रजेवर गेल्या.

सातव्या दिवशी दुपारी, दोन क्यूसींच्या मधल्या वेळेत, मशीन मर्यादेबाहेर गेलं. अतिदक्षता विभागातून फोन आला: त्यांच्याकडच्या ब्लड गॅस मशीनवर पोटॅशियम ठीक आहे, त्याच रुग्णाचं आमच्याकडे वाढलेलं दिसतंय. आधी नेहमीची शंका घेतली. रक्तपेशी फुटलेला नमुना असला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. नमुना स्वच्छ होता. मशीन थांबवलं, ११ नमुने दुसऱ्या मशीनवर पुन्हा चालवले आणि ४ रिपोर्ट दुरुस्त करून पाठवले. त्या चौघांपैकी कोणावरही चुकीच्या आकड्यावरून उपचार झाले नव्हते. वॉर्डातल्या एका परिचारिकेने दोन आकडे शेजारी ठेवून बघितले, म्हणून ते टळलं. यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं.

चौकशीत कारण ठरलं 'इलेक्ट्रोडचं आयुष्य संपणे'. प्रकरण तिथे बंद करता आलं असतं. प्रणालीत दहाचा नियम चालू करायचा, इलेक्ट्रोड बदलायची तारीख भिंतीवर लावायची, सही. ते सगळं केलंही. पण बाई रजेवरून परतल्यावर मी जरा कडकच विचारलं, "तुमच्या लक्षात आलं होतं, मग सांगितलं का नाही?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणाला सांगायचं? मी सातला पंच करते तेव्हा सकाळचे कोट घालायला गेलेले असतात. आणि फॉर्ममध्ये 'मला बरं वाटत नाहीये' असा रकाना कुठाय?"

त्या मशीनबद्दल बोलत होत्या. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

समोर असलेले पर्याय

घटनेनंतर एक छोटी समिती नेमली गेली: मी, मनुष्यबळ विभागाच्या एक अधिकारी, गुणवत्ता विभागाचे एक जण, आणि या वेळी आठवणीने रात्रीच्या पाळीतला एक तंत्रज्ञ. समितीला दोन प्रश्न वेगवेगळे दिले होते. एक, चूक पुन्हा होऊ नये यासाठी काय करायचं. दोन, कर्मचाऱ्यांचं मनोबल. हे दोन विषय आहेत असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तिसऱ्या बैठकीपर्यंत ते दोन कागदांवरच राहिले.

मनोबलाच्या कागदावर पहिला प्रस्ताव होता मोबाइल ॲपचा: ध्यान, श्वसनाचे व्यायाम, झोपेचे उपाय, सोबत समुपदेशनाची हेल्पलाइन. खर्च थोडा, सुरुवात लगेच. माझा कल सुरुवातीला इकडेच होता. मग मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनीच विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास समोर ठेवला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाच्या आधारावर त्यांनी ॲप, मनोबल-प्रशिक्षण, तणाव-व्यवस्थापनाचे वर्ग अशा एकट्या व्यक्तीवर रोख असलेल्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली होती. भाग घेणारे जवळजवळ कुठेच जास्त बरे आढळले नाहीत. हा अभ्यास एका वेळचं चित्र दाखवतो, आधी आणि नंतर असं नाही. त्यामुळे ॲप निरुपयोगी आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण आमचा प्रश्न ॲपने सुटेल ही माझी खात्री तिथे डळमळली. हेल्पलाइन ठेवायची असं ठरलं. कोणाला रात्री तीन वाजता खरंच गरज पडली तर ती असावी, एवढ्यासाठीच.

दुसरा प्रस्ताव महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जमण्याचा, खेळ वगैरे. रात्रीच्या तंत्रज्ञाने विचारलं, "किती वाजता?" दुपारी, असं उत्तर आलं. तो हसला आणि गप्प बसला. त्याच्या झोपेच्या वेळी त्याने येऊन दोरीखेच खेळायची आणि त्याला आपण आपुलकी म्हणायचं, असा तो सगळा बेत होता. प्रस्ताव तिथेच संपला.

तिसरा होता फॉर्म सुधारण्याचा: मोकळं लिहायला एक रकाना आणि सोबत सगळ्यांचा एक चॅट गट. तांत्रिक मंडळींना हा फार आवडला आणि तो स्वस्तही होता. अडचण अशी की अर्धवट शंका माणूस लिहून ठेवत नाही. लिहिलेलं टिकतं आणि उद्या कोणीतरी ते बोटाने दाखवू शकतं. "मशीन जरा वर चालतंय असं वाटतंय" हे बोलायला सोपं असतं. लिहायचं म्हटलं की 'वाटतंय' गळून पडतं आणि उरतं 'पास'.

चौथा पर्याय एकत्र वेळ परत आणण्याचा. तो मांडायला मलाच सर्वांत जड गेलं. तो वेळ मीच वाचवला होता आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

दोन कागद एक कसे झाले तेही सांगायला हवं. गुणवत्ता विभागाचे गृहस्थ पाळी सोपवताना होणाऱ्या चुकांबद्दल माहिती घेऊन आले होते. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट आणि आग होऊन १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढलेली होती. ही गोष्ट पुढच्या पाळीपर्यंत पोचली नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. कागदपत्रं होती, परवान्यांची पद्धत होती. दुसरं उदाहरण उलट दिशेचं. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ बालरुग्णालयांत डॉक्टरांचं रुग्ण सोपवणं तोंडी आणि लेखी अशा दोन्ही बाजूंनी सुधारलं, त्यासाठी प्रशिक्षण दिलं, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. तो अभ्यास २०१४ चा.

त्यावर मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी म्हणाल्या की त्यांच्या कागदावरही वेगळ्या शब्दांत हेच आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की कामाचा ताण म्हणजे फक्त कामाचं ओझं नसतं. ओझं जास्त आणि आपल्या हातात काही नाही, असं एकत्र आलं की माणूस खचतो. १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी स्वीडनमधल्या तेरा हजारांहून जास्त नोकरदारांच्या माहितीवरून त्यात तिसरी बाजू जोडली: सहकाऱ्यांचा आधार. ओझं जास्त, हातात काही नाही आणि आधारही नाही, अशांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण अधिक दिसलं. रात्रीच्या पाळीत तीन माणसं, नमुने किती येतील त्यावर ताबा नाही, आणि आधाराची होती तेवढी २० मिनिटं मी काढून घेतली होती.

बोलता बोलता ताण-थकव्याच्या व्याख्येवर बोलणं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, 'बर्नआउट' आजार म्हणून येत नाही. तिथे तो कामाशी निगडित प्रकार म्हणून नोंदलाय: गळून गेल्यासारखं वाटणं, कामाशी मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून काम नीट होत नाही असं वाटणं. रात्रीच्या तंत्रज्ञाने यादी ऐकली आणि म्हणाला, "दुसरं. आम्हाला दुसरं झालंय."

काय केलं

२० मिनिटं परत मागायची हिंमत माझ्यात नव्हती. वरून ती मिळालीही नसती. मी १० मागायचं म्हणत होते. रात्रीच्या पाळीने मोजून दाखवलं की हात धुणं, कोट, आपल्या मशीनपर्यंत चालत जाणं यातच चार मिनिटं जातात, म्हणून १२. १६ माणसांची १२ मिनिटं म्हणजे रोजची ३ तास १२ मिनिटं, आणि ती पगारी. वरिष्ठांनी सहा महिन्यांसाठी मान्यता दिली. ही मान्यता मनोबलाच्या नावाखाली मागितली नाही, चुका टाळण्याच्या नावाखाली मागितली. त्यात थोडी चलाखी होती, हे कबूल. पण तोवर हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटेनासं झालं होतं.

माझ्या डोक्यात सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि पाळीप्रमुखाने बोलायचं असं होतं. तंत्रज्ञांनी ते साफ नाकारलं. त्यांना मशीनपाशी, ज्याचं त्याच्याशी बोलायचं होतं. रक्तपेशीवाला रक्तपेशीवाल्याशी, बायोकेमिस्ट्रीवाला बायोकेमिस्ट्रीवाल्याशी. हे मान्य केलं. मग पहिले दोन आठवडे मी रोज ६:५० ला तिथे जाऊन उभी राहिले, पाठिंबा दिसावा म्हणून. तिसऱ्या आठवड्यात दिवसपाळीतले एक ज्येष्ठ केबिनमध्ये आले आणि फार जपून म्हणाले, "मॅडम, तुम्ही असलात की आम्ही रिपोर्ट देतो, चार्ज नाही." दुसऱ्या दिवसापासून मी ७:१५ ला यायला लागले.

फॉर्म १४ रकान्यांवरून ५ वर आणला. पाचवा रकाना 'खटकलेलं काही', आणि त्यात नुसतं 'बोललो' एवढं लिहिलं तरी चालेल असं ठरवलं. नव्या माणसाने पहिल्या सहा आठवड्यांत तिन्ही पाळ्या करायच्या, म्हणजे युजर आयडीला चेहरा मिळेल. आणि मी महिन्यातून एक रात्र तिथे काढायची. पहिल्या रात्री मी नुसतीच अडचण झाले. चौथ्या रात्री कोणीतरी मला बारकोड चिकटवायला बसवलं आणि मग बोलणं सुरू झालं.

दोन ठिकाणी मात्र आमचं चुकलं. एक तंत्रज्ञ घरी आजारी आईला बघत होती. १२ मिनिटं जास्त थांबलं की तिची बस चुकायची आणि पुढची ४० मिनिटांनी. सगळ्यांच्या भल्यासाठी केलेली गोष्ट तिच्या रोजच्या दिवसाला कात्री लावत होती आणि ती दीड महिना काही बोलली नाही. कळल्यावर तिच्यासाठी उलटं केलं: ती १२ मिनिटं लवकर येते आणि वेळेवर निघते.

दुसरं जास्त अवघड होतं. दोन जणांचं जुनं वैर होतं. एकत्र वेळ बंद झाला तेव्हा ते दोघं मनातून सुटले होते, आणि हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. वेळ परत आला आणि त्या दोघांना रोज १२ मिनिटं एकाच मशीनपाशी उभं राहावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात आवाज चढले. मी दोघांना बसवून समेट घडवायचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटी एकाचा विभाग बदलला. माणसं जवळ आली की गोडवाच वाढतो, असं मी गृहीत धरलं होतं. काहींना अंतराने शांतता मिळालेली असते.

काय झालं

नऊ महिन्यांनंतरची स्थिती अशी. पाळ्यांच्या अदलाबदली पुन्हा परस्पर ठरू लागल्या आहेत, माझ्याकडे फक्त कळवायला येतात. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे, कारण ती कोणी मला दाखवण्यासाठी करत नाही. 'नाइटवाले' हा शब्द गेलेला नाही, पण त्याच्यामागे नाव यायला लागलंय. क्यूसी एका बाजूला झुकत असल्याचं दोनदा पाळी बदलताना बोललं गेलं आणि दोन्ही वेळा प्रणालीने इशारा देण्याआधीच इलेक्ट्रोड बदलला गेला.

रात्रीच्या पाळीतल्या आजारपणाच्या रजा कमी झाल्या. त्याचं श्रेय मी घेणार नाही. आधीचे महिने सर्दी-तापाच्या मोसमातले होते, नंतरचे नव्हते. शिवाय शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या, १९२४ ते १९३२ मधल्या प्रयोगांपासूनचा जुना प्रश्न आहेच: काय बदललं त्याने फरक पडला, की कोणीतरी आपल्याकडे बघतंय याने? आमच्याकडे तर बघणारी बाई रात्री बारकोड चिकटवायला बसली होती. यातला कोणता भाग कशाचा, हे मला वेगळं काढता येत नाही.

दोन राजीनामे या काळातही आले. एकाला दुसरीकडे चांगली संधी मिळाली. दुसऱ्याने कारण सांगितलं नाही, आणि मी 'वैयक्तिक' लिहिण्याआधी दोनदा विचारलं.

ज्येष्ठ बाईंनी दिवसपाळीचा अर्ज मागे घेतला नाही. मला मनातून वाटत होतं की घेतील. त्या गेल्या दिवसपाळीत, आता सकाळी ७ ला येतात. १२ मिनिटांत चार्ज घेणाऱ्यांमध्ये त्या सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न मशीनबद्दल नसतो.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, वेळ कापायच्या आधी मी एक आठवडा ती २० मिनिटं तिथे उभं राहून ऐकली असती. हिशेब मी केबिनमधून केला. काचेतून ऐकू येत नाही.

मतं विचारायची तर ज्याला सर्वाधिक झळ लागणार त्याला आधी, आणि त्याच्या सोयीच्या वेळी. तीन ज्येष्ठांना दुपारी चारला विचारणं म्हणजे मला हवं असलेलंच उत्तर मिळवणं होतं. नोकरी सोडणाऱ्या मुलीचं वाक्य कारणाच्या रकान्यात बसत नव्हतं तर मी रकाना सोडून कागदाच्या मागे लिहायला हवं होतं. आणि चूक घडेपर्यंत थांबायची गरज नव्हती. अदलाबदलीच्या विनंत्या तिसऱ्या महिन्यातच वाढल्या होत्या, आणि माझ्याच इनबॉक्समध्ये.

एकत्र वेळ पूर्ण २० मिनिटं ठेवायला हवा होता का, यावर माझं मत पक्कं नाही. १२ मिनिटांत कामाचं बोलणं आठ मिनिटं खातं आणि उरलेल्या चारमध्ये "कशी गेली?" बसवावं लागतं. बहुतेक दिवशी ते बसतं. नमुने एकदम येतात त्या दिवशी नाही. नंतर त्या दिवसांबद्दल बोलायला काही जागा ठेवलेली नाही, आणि खरं तर त्याच दिवशी विचारायची सर्वाधिक गरज असते. हे अजून सुटलेलं नाही.

सहा महिन्यांची मान्यता एकदा वाढवून मिळाली. आता स्वयंचलित नमुना-वहनाची नवी लाइन येणार आहे. ती आल्यावर रात्री तीनऐवजी दोन माणसं पुरतील असा प्रस्ताव आहे, आणि त्यासोबत ३ तास १२ मिनिटांचा प्रश्न पुन्हा टेबलावर येईल. दोनच माणसं असली तर त्यातला एक रक्तपेढीकडे गेला की दुसऱ्याने पूर्ण रात्र एकट्याने काढायची. त्यावर चर्चेची पहिली बैठक मी ठेवली आहे. वेळ रात्री दीडची, प्रयोगशाळेत, मशीनपाशी. विभागप्रमुखांनी विचारलं, इतक्या रात्री का? मी त्यांना पाळ्यांचा तक्ता पाठवला आहे.